काळ्या बॉनेटवर पेपर मारल्यानंतर

२०००चा वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून वापरायचा बारीक सँड पेपर, मारून झालेला काळा बॉनेट काळा दिसत नाही. राखाडी, मंद, धुरकट दिसतो. गाडीचा मालक नेमका अशा वेळी डोकावला तर त्याचा चेहरा पडतो. चांगला चमकत होता की, हे काय करून ठेवलंत, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट वाचता येतं. मला मात्र रंगाच्या सगळ्या कामात हीच अवस्था सर्वांत आवडते. पृष्ठभाग सपाट झालेला असतो आणि चमक यायची बाकी असते. ती आणायला वरून काही लावावं लागत नाही. रेघा काढायच्या असतात. मोठ्या काढून बारीक, बारीक काढून त्याहून बारीक, पार दिसेनाशा होईपर्यंत.

माझ्याबरोबर काम शिकणारी एक मुलगी आहे. तिने असा राखाडी बॉनेट पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यावर पाणी ओतलं, आणि पाण्याखालून एकदम खोल काळा रंग वर आला. "दादा, रंग तर आहे तसाच आहे!" तिचं बरोबर होतं. रंग खालच्या थरात आहे, त्याला आपण हातही लावलेला नाही. घासलाय तो वरचा पारदर्शक क्लिअर. त्यावरच्या असंख्य बारीक रेघांवर प्रकाश पडला की तो एका दिशेने परत न येता चहूकडे विखुरतो, आणि तोच विखुरलेला प्रकाश काळ्यावर पांढुरक्या धुक्यासारखा दिसतो. पाणी रेघांमध्ये भरलं की वरचा भाग पुन्हा सलग होतो, विखुरणं थांबतं आणि आतला काळा दिसू लागतो. म्हणून ओल्या पॅनलवर शेवटचा रंग कसा येणार ते आधीच बघून घेता येतं. तपासणी मात्र ओल्या पॅनलवर कधीच करायची नाही. पाणी जसं धुकं लपवतं तशाच रेघाही लपवतं. रबरी पट्टीने पाणी ओढून घ्यायचं, कोरडं होऊ द्यायचं आणि मग बघायचं.

थोडे आकडे सांगतो, कारण या कामातली सगळी शिस्त त्यांच्यातूनच येते. १०००च्या पेपरवरचा कण सरासरी १८ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, १५००चा साडेबारा, २०००चा १०च्या आसपास, २५००चा साडेआठच्या आसपास. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. पेपरने सोडलेल्या रेघा इथपर्यंत बारीक करत आणायच्या आहेत. आणि त्यासाठी आपल्या हातात आहे किती? कंपनीतून आलेल्या गाडीवर क्लिअरचा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉन असतो. दुरुस्तीत दोन भरपूर कोट मारले तर ५०-६०. सपाट करणं, पेपरच्या रेघा काढणं, कंपाउंड म्हणजे जाड कणांचं पॉलिश, मग बारीक पॉलिश, आणि पुढे गाडी वापरात असताना कधीतरी पुन्हा करावं लागणारं पॉलिश, हे सगळं एवढ्यातच भागवायचं असतं. ऊन अडवणारी द्रव्यंही याच थरात असतात. तो फार पातळ केला तर गाडी आज चकाकते आणि काही वर्षांनी त्याच जागी क्लिअर पांढरा पडून सुटायला लागतो.

म्हणून काम सुरू करण्याआधी मी थर मोजतो. गेज पत्र्यावर टेकवायचं, आलेला आकडा मास्किंग टेपच्या तुकड्यावर लिहायचा आणि तो तुकडा त्याच जागेजवळ, पॅनलच्या बाहेर चिकटवायचा. पेपर झाल्यावर पुन्हा मोजायचं आणि खाली दुसरा आकडा लिहायचा. दोन्हींतला फरक म्हणजे आपण काढलेलं क्लिअर. एक लक्षात ठेवा, गेज प्रायमर, रंग आणि क्लिअर मिळून एकूण जाडी सांगतं. एकट्या क्लिअरची जाडी साध्या गेजला कळत नाही. लोखंडी पत्र्यावर ते चुंबकीय पद्धतीने मोजतं, ॲल्युमिनियमवर विजेच्या भोवरा प्रवाहाने, आणि प्लॅस्टिकच्या बंपरवर साधं गेज चालतच नाही. तिथे अल्ट्रासाउंडचं महाग यंत्र लागतं. ते नसेल तर बंपरवर हात आखडता ठेवावा.

वॉटर पेपर आणि मास्किंग टेप या माझ्या टेबलावरच्या दोन अगदी साध्या वस्तू, पण दोघींचा इतिहास गाड्यांच्या रंगाशी जोडलेला आहे. पाण्यात टिकणारा सँड पेपर ३एम कंपनीने १९२१ मध्ये बाजारात आणला. त्याचा शोध लावला फ्रान्सिस ओकी या शाई बनवणाऱ्या माणसाने. त्याआधी सँड पेपर कोरडाच चाले आणि रंगाची धूळ कामगारांच्या छातीत जाई. पाण्याने धूळ बसली, शिवाय पेपर भरून येईना, त्यामुळे तो जास्त टिकू लागला. मास्किंग टेप १९२५ची. त्या काळी दुरंगी गाड्यांची टूम होती, आणि दोन रंगांमधली रेषा सरळ यावी म्हणून रिचर्ड ड्रू या तरुणाने ती त्याच कंपनीत तयार केली. कडांवर टेप लावताना मला अजूनही हे आठवतं आणि बरं वाटतं. कारखान्यात उभं राहून अडचण पाहिलेल्या माणसांनी बनवलेल्या वस्तू हातात वेगळ्याच बसतात.

आता पेपरबद्दल. पॉलिशमध्ये अडचण आली की लोक कंपाउंड बदलतात, पॉलिशच्या मशीनवरचा पॅड बदलतात, मशीनचा वेग वाढवतात. माझं मत असं की दहातल्या बहुतेक वेळा दोष पेपरच्या कामात राहिलेला असतो. एखाद्या पायरीने आधीच्या पायरीच्या रेघा पूर्ण काढलेल्या नसतात आणि ते मशीन हातात घेतल्यावर कळतं.

सगळ्यात आधी, काय घासायचं ते ठरवावं. बॉनेटवर चार-पाच धुळीचे दाणे असतील तर तेवढेच उतरवायचे, पूर्ण बॉनेट कशाला? ओघळ असेल तर लहान, कडक ब्लॉक घेऊन फक्त ओघळाचा उंचवटा खाली आणायचा. पूर्ण पॅनल सपाट करायचं कारण एकच, संत्र्याच्या सालीसारखा आलेला पोत. तिथेही शेजारच्या फेंडरकडे आणि दाराकडे एकदा बघून घ्या. कंपनीच्या रंगातही थोडा हा पोत असतोच. दोन जुन्या फेंडरांच्या मध्ये आरशासारखा सपाट बॉनेट बसवला तर तो दुरूनही उपरा दिसतो. अशा वेळी मी पोत अर्धाच उतरवतो. गाडी पूर्ण रंगवलेली असेल तर गोष्ट वेगळी.

क्लिअर नीट सुकलेलं हवं, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. हार्डनर (थर कडक करणारं द्रव्य) घातलेलं क्लिअर पत्र्याचं तापमान ६० अंश ठेवून अर्धा तास भाजतात किंवा रात्रभर हवेवर ठेवतात, आणि पॉलिश कधी करायचं ते डब्याबरोबरच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. घाई केली तर पेपर चिकट होऊन भरतो. दुसरा तोटा उशिरा दिसतो. आत अडकलेलं थिनर नंतर हळूहळू बाहेर पडतं, थर आक्रसतो, आणि आरशासारखी आलेली चमक काही दिवसांत मंद होते, पुसल्या गेलेल्या रेघासुद्धा पुन्हा उमटतात. कोट जाड असतील तर मी पत्रकातल्या वेळेपेक्षा जास्तच थांबतो.

पेपर आधी पाण्यात भिजत ठेवायचा, बादलीत साबणाचे दोन-चार थेंब टाकायचे. घासताना ब्लॉक हवाच. नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या खाली जास्त आणि मधल्या फटीत कमी कापलं जातं, आणि नंतर पॉलिश झाल्यावर आडव्या प्रकाशात त्या लाटा दिसतात. पॉलिश त्यांना काढू शकत नाही, उलट ठळक करतं. सपाट करताना खोलगट जागा चमकत राहतात आणि बाकीचं राखाडी होतं. ते चमकते ठिपके जवळजवळ संपले की थांबायचं. शेवटचे एक-दोन ठिपके घालवण्याच्या हट्टापायी बाकी सगळीकडचं क्लिअर खर्च होतं.

नंबर बदलला की दिशा बदलायची. १५०० उभा मारला असेल तर २००० आडवा, ३००० पुन्हा उभा. म्हणजे आधीच्या रेघा उरल्या आहेत का हे विचारावं लागत नाही, त्या आडव्यात उभ्या दिसतातच. दर वेळी पाणी, ब्लॉक आणि पॅनल स्वच्छ धुऊन घ्यायचं. १५००चा एक सुटा कण ३०००च्या पेपरखाली सापडला तर तो अशी एकच रेघ ओढतो की तिच्यासाठी मागे जावं लागतं. मशीनवर डिस्क लावून घासत असाल तर अडकलेला कण वेटोळ्या रेघा काढतो, छोट्या शेपटीसारख्या, आणि त्या काढणं सरळ रेघांपेक्षा जास्त त्रासाचं.

मी २०००वर थांबत नाही. कंपाउंडने २०००च्या रेघा निघतात, १५००च्याही निघतात, डब्यावर तसं लिहिलेलंही असतं. पण त्या निघतात घर्षणाने आणि उष्णतेने. पेपर थंड कापतो, पाण्यात कापतो, आणि ब्लॉकमुळे सपाट कापतो. पॅड मऊ असतो, उंचसखल भागावर तो तसाच फिरतो, त्यामुळे त्याला सपाट करणं जमत नाही, गुळगुळीत करणं जमतं. म्हणून जितकं काम पेपरवर होईल तितकं तिथेच करावं. ३०००ची फोम लावलेली डिस्क ऑर्बिटल, म्हणजे फिरता फिरता हलणाऱ्या मशीनवर, भरपूर पाणी मारून, आणि काळा रंग असेल तर त्यानंतर ५०००. या दोन पायऱ्यांनंतर पॅनलला हलकी झाक आलेली असते, ट्यूबलाइट अंधूक का होईना त्यात दिसू लागते. पुढचं कंपाउंडचं काम निम्म्यावर येतं आणि पत्रा तापतही नाही.

मशीन लावण्याआधी सगळ्या कडांवर आणि बॉडीलाइनवर टेप. रंग मारताना कडांवरून तो ओढला जातो, त्यामुळे थर तिथे मुळातच पातळ असतो, आणि पॅडचा दाब नेमका तिथेच एकवटतो. रंग जळतो तो बहुतेक कडांवरच. टेप शेवटी काढायची आणि तेवढी पट्टी हाताने करायची. कडेजवळ रोटरी, म्हणजे नुसतं गोल फिरणारं मशीन, चालवताना पॅड पॅनलवरून बाहेर उतरेल अशा दिशेने फिरत असला पाहिजे. बाहेरून कडेवर चढणारा पॅड कड खाऊन टाकतो.

रोटरी एकाच अक्षाभोवती फिरते, तिचा जोर कुठे वाटला जात नाही, म्हणून ती भराभर कापते. त्याच कारणाने ती उन्हात सरकणाऱ्या सावल्यांसारख्या पट्ट्या सोडते, ज्यांना आपण हॉलोग्राम म्हणतो. ऑर्बिटल फिरता फिरता हलतेही, त्यामुळे ती सौम्य. पेपरच्या रेघांसाठी मी रोटरीवर लोकरीचा पॅड घेतो, वेग हजार ते दीड हजार फेरे, त्याहून जास्त नाही. एका वेळी हातभर लांब, हातभर रुंद एवढाच भाग. कंपाउंडचे थोडे ठिपके, आधी कमी वेगात पसरवायचे, मग वेग वाढवून आडवे-उभे पट्टे, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवून. हात सावकाश चालवायचा. मुख्य म्हणजे पॅड सपाट टेकलेला हवा, तिरका धरला की एका कडेवर सगळा जोर येतो.

आणि पॅड साफ करत राहायचं. निघालेलं क्लिअर आणि वापरून झालेलं कंपाउंड पॅडमध्ये साचतं, पॅड जड होतो, कापणं कमी होतं, तापणं वाढतं. दर भागानंतर ब्रश मारा किंवा हवेने उडवा. पत्र्याला तळहात लावून बघा. हात ठेववत नसेल तर तो भाग सोडा, दुसरीकडे जा. प्लॅस्टिकच्या भागांवर तर याहून जपायला हवं, कारण प्लॅस्टिक उष्णता वाहून नेत नाही, ती रंगातच साठत राहते.

पॅडचा रंगही बघत राहावं. जुन्या एकेरी रंगाच्या, म्हणजे वर क्लिअर नसलेल्या गाडीवर पॅडला रंग लागणारच, घाबरू नये. पण क्लिअर असलेल्या पॅनलवर पॅडला रंग आला तर मशीन तिथल्या तिथे बंद. क्लिअर संपलेलं आहे. तिथे पॉलिशने काहीच साधत नाही, पुन्हा फवारावं लागतं.

कंपाउंडनंतर फोमचा पॅड, बारीक पॉलिश आणि ऑर्बिटल. मशीनच्या प्लेटच्या कडेला मी मार्करने एक रेघ काढून ठेवली आहे. रेघ फिरताना दिसत असेल तर पॅड फिरतोय. वक्र जागी किंवा दाब जास्त झाला की ती जवळजवळ थांबते, पॅड नुसता थरथरतो आणि काम होत नाही. फोमच्या रंगावर विसंबू नका. एका कंपनीचा काळा पॅड शेवटच्या हातासाठी असतो म्हणून दुसरीचाही तसाच असेल असं नाही. दाबून बघा, किती मऊ आहे ते बोटाला कळतं. काही पॉलिशमधले कण घासता घासता मोडत बारीक होतात, त्यांना पूर्ण वेळ द्यावाच लागतो, मध्येच थांबलात तर मोठ्या कणांच्या रेघा राहून जातात. काहींमधले कण मोडत नाहीत. आपल्या बाटलीत कोणते आहेत ते वाचून ठेवा.

इथे त्या मुलीचा दुसरा प्रश्न. बॉनेट पॉलिश करून तिने पुसला, टॉर्च मारला, सगळं स्वच्छ. मग मी पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून त्याने पुसायला सांगितलं, आणि डाव्या बाजूला रेघा हजर. "दादा, आत्ता तर गेल्या होत्या!" गेल्या नव्हत्या, भरल्या होत्या. पॉलिशमधलं तेल रेघांमध्ये बसतं आणि पाण्यासारखंच त्यांना झाकतं. गाडी एक-दोनदा धुतली की ते निघून जातं आणि मालकाला रेघा दिसतात. तेल उतरवून तपासलेलं पॅनलच खरं पॅनल, हे तिला त्या दिवशी डोळ्यांनी पटलं. मात्र अल्कोहोल पातळच घ्यावं, ताज्या रंगाला तीव्र द्रावण मऊ करू शकतं.

तपासायला एकच प्रखर दिवा हवा, तोही हातात धरून हलवता येणारा. छतावरच्या ट्यूबलाइटचा पसरट उजेड रेघा दाखवत नाही. टॉर्चच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल जाळी दिसते, तेव्हा लोकांना वाटतं रेघा गोल आहेत. त्या सगळ्या दिशांना असतात. प्रकाशाला आडव्या येणाऱ्या तेवढ्याच चमकतात, म्हणून गोल भासतात. ऊन मिळालं तर गाडी उन्हात काढून बघावी आणि पॉलिशला परत सावलीत आणावी.

शेवटी एखादी खोल रेघ उरतेच. तिचं काय करायचं हे मी टेपवरचे आकडे बघून ठरवतो. जागा असेल तर ३०००चा छोटा तुकडा, नुसती रेघ आणि तिच्या आजूबाजूचं बोटभर, मग पुन्हा कंपाउंड. जागा नसेल तर ती रेघ राहू देतो. तिच्या कडा पॉलिशने गोलावल्या की ती तशीही फारशी उठून दिसत नाही. तिला पूर्ण काढायला जो थर जाईल तो गाडीला पुढची कित्येक वर्षं लागणार आहे. मालकाला बोलावून रेघ दाखवतो, कारणही सांगतो. आजवर त्यावर कुणी वाद घातलेला नाही.

पॉलिश झाल्यावर लगेच वॅक्स लावा असा आग्रह होतो. नव्या रंगाला मी लावत नाही. रंगाच्या कंपन्या साधारण ३० ते ९० दिवस थांबायला सांगतात, कारण आतलं थिनर तोवर निघत असतं. जिथे फवारणीही चालते तिथे सिलिकॉन असलेलं कोणतंही पॉलिश आणू नये, त्याचा अंश पुढच्या पॅनलवर गेला की रंग तिथून मागे सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. वॅक्स लागेपर्यंत गाडी हाताने धुवायची, साबणाची बादली वेगळी, हातमोजा खंगाळायची वेगळी, आणि तापलेल्या पत्र्यावर पाणी मारायचं नाही.

या गाडीचा बंपर अजून बाकी आहे. तिथे गेज नाही, प्लॅस्टिक तापणार आणि सगळ्या बाजूंनी वळणं. पोत थोडा आहे, तो राहू देणार. दाणे तेवढे २५००ने उतरवून ३०००, मग रोटरी न लावता ऑर्बिटल आणि फोम. मशीन या वेळी त्या मुलीच्या हातात देणार आहे.